कार्लाइलची पोरं आणि १९०७ चा सीझन

मागे एकदा ऑफिसात 'इनोव्हेशन' या विषयावर दोन तासांचं ट्रेनिंग झालं. शुक्रवारी संध्याकाळी चार ते सहा. (ही वेळ ज्याला सुचली त्याच्या इनोव्हेशनला साष्टांग नमस्कार.) त्यात एका स्लाइडवर एक जुना कृष्णधवल फोटो होता. जाड स्वेटर घातलेली दणकट पोरं ओळीत बसलेली, आणि वर ठळक अक्षरांत 'कार्लाइल इंडियन्स, १९०७'. ट्रेनर म्हणाला, बघा, कमी वजनाची, कमी साधनांची टीम, पण खेळाचे नियम बदलल्याबरोबर यांनी संधी ओळखली आणि थेट हार्वर्डला हरवलं. एवढं बोलून स्वारी पुढच्या स्लाइडवर. तिथे नेहमीचा उकळत्या पाण्यातला बेडूक वाट बघत होताच.

ट्रेनर खोटं काहीच बोलला नव्हता. पण फोटोतल्या पोरांचे चेहरे डोक्यात राहिले आणि मग पुढचे दोन-तीन विकेंड त्याच्यात गेले. वाचत गेलो तसतसं वाटायला लागलं की ही गोष्ट अशी अर्ध्या मिनिटात सांगणं म्हणजे चोरीच आहे. कुणाची, ते पुढे येईलच.

आधी खेळाबद्दल थोडं, कारण आपल्यापैकी बहुतेकांचा अमेरिकन फुटबॉलशी संबंध हॉलिवूडच्या सिनेमांपुरता. (जे लोक तिकडे ऑनसाइट जाऊन आले आहेत आणि दर सोमवारी क्लायंटबरोबर फॅंटसी लीगवर बोलतात त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा.) लंबगोल चेंडू, तो हातात घेऊन समोरच्या टोकापर्यंत न्यायचा, आणि समोरच्यांनी तुम्हाला आडवं पाडायचं. आज आपण बघतो ते लांबच लांब पास, हवेत उडी मारून चेंडू झेलणं, हे सगळं १९०६ सालापर्यंत नव्हतंच. चेंडू पुढे फेकायला बंदी होती. फक्त घेऊन पळायचं किंवा लाथ मारायची.

त्यातली मेख अशी, की तीन प्रयत्नांत चेंडू पाच यार्ड पुढे नेला की पुन्हा नवे तीन प्रयत्न मिळायचे. हिशोब करा. एका प्रयत्नात दोन यार्डांहून कमी पुढे सरकलं तरी पुरे. मग कोण कशाला डोकं चालवतंय? सगळ्यात वजनदार गडी निवडायचे, एकमेकांच्या हातात हात अडकवायचे, मध्ये चेंडूवाला घ्यायचा आणि भिंतीसारखं जाऊन समोरच्यांवर आदळायचं. समोरचेही तेच करणार. डोक्याला धड हेल्मेट नाही, अंगावर पॅड म्हणावेत असे पॅड नाहीत, आणि ढिगाऱ्याखाली काय चालतं ते पंचाला दिसत नाही. १९०५ च्या एका मोसमात किमान १८ जण या खेळात मेले, असा आकडा तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी छापला. त्यात शाळकरी पोरंही होती. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी त्याच ऑक्टोबरात हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून समज दिली. कोलंबियाने खेळ बंद करून टाकला, स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया रग्बीकडे वळले. खेळच बंद पडतो की काय अशी वेळ आली होती.

म्हणून १९०६ साली नियम बदलले. तीन प्रयत्नांत आता पाचऐवजी दहा यार्ड. दोन्ही संघांच्या रांगांमध्ये थोडी मोकळी जागा. सामना ७० मिनिटांऐवजी ६०. आणि चेंडू पुढे फेकायला परवानगी. म्हणजे तो प्रसिद्ध फॉरवर्ड पास.

सॉफ्टवेअरवाल्यांना पुढचं सांगायला नको. नियम बदलला म्हणून लोक बदलत नाहीत. प्रॉडक्शनमध्ये नवीन फीचर आलं तरी जुने युजर जुन्याच रस्त्याने जातात. पास करायची परवानगी होती, पण अटी भयंकर. फेकणाऱ्याने चेंडू सुरू झाला त्या जागेपासून पाच यार्ड बाजूला सरकूनच फेकायचा. १९०७ च्या नियमानुसार पहिल्या किंवा दुसऱ्या प्रयत्नात पास कुणी झेलला नाही तर पंधरा यार्ड मागे. तिसऱ्यात चुकला तर चेंडूच समोरच्यांकडे. पूर्वेकडच्या मोठ्या विद्यापीठांच्या कोचेसनी हे वाचलं आणि ठरवलं की असला जुगार आपल्याला नको. त्यांच्याकडे वजनदार गडी होते. भिंत होती. सेंट लुइस विद्यापीठाच्या संघाने ५ सप्टेंबर १९०६ रोजी पहिला कायदेशीर पास फेकला आणि तो सबंध सीझन एकही सामना न हरता काढला, पण सेंट लुइसकडे बघतो कोण? तेव्हा फुटबॉल म्हणजे पूर्वेकडची चार बडी घराणी.

आता कार्लाइल.

पहिली गोष्ट म्हणजे हे कॉलेजच नव्हतं. पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी एका जुन्या लष्करी छावणीत १८७९ साली सुरू झालेली ही सरकारी बोर्डिंग शाळा. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी. (आपल्या लहानपणी पुस्तकांत 'रेड इंडियन' लिहायचे ते लोक. शाळेचं नावही कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल.) संस्थापक रिचर्ड हेन्री प्रॅट, लष्करातला अधिकारी. याआधीचा त्याचा अनुभव काय, तर फ्लॉरिडातल्या एका किल्ल्यात ठेवलेल्या इंडियन युद्धकैद्यांवर देखरेख. त्या कैद्यांना त्याने इंग्रजी शिकवलं, गणवेश घातले, आणि त्याला वाटलं की हे मोठ्यांवर चालतं तर लहानांवर किती छान चालेल. माणूस वाचवायचा असेल तर त्याच्यातला इंडियन मारावा लागतो, अशा अर्थाचं त्याचं १८९२ सालचं वाक्य आज कुप्रसिद्ध आहे. गंमत म्हणजे, म्हणजे गंमत नव्हेच, पण त्या काळात हा माणूस उदारमतवादी समजला जायचा. कारण या लोकांना मारूनच टाका म्हणणारे दुसऱ्या बाजूला होते.

मुलं आली की पहिल्यांदा केस कापायचे. कपडे बदलायचे. आपली भाषा बोलायला बंदी. लूथर स्टॅंडिंग बेअर पहिल्या तुकडीतला, लाकोटा जमातीचा मुलगा. त्याने नंतर लिहून ठेवलंय की वर्गात फळ्यावर काही अक्षरं लिहिलेली होती, त्याच्या हातात छडी दिली आणि त्यातल्या एकावर ठेवायला सांगितली. त्याने ठेवली. ते अक्षर म्हणजे 'लूथर' होतं. झालं, हे तुझं नाव. त्याला तोवर वाचताही येत नव्हतं. आपण ड्रॉपडाउनमधून ऑप्शन निवडतो तसं पोराने न वाचता स्वतःचं नाव निवडलं. हा तपशील वाचल्यावर मी लॅपटॉप बंद करून चहा करायला गेलो होतो.

अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकाम, शिवणकाम, शेती. सुट्टीत घरी पाठवायच्या ऐवजी आसपासच्या गोऱ्या कुटुंबांकडे कामाला. बरीच मुलं आजारी पडायची, क्षय तर फारच. शाळेच्या दफनभूमीत १८० च्या आसपास थडगी होती.

आणि या शाळेत फुटबॉल.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी, आणि ट्रेनिंगच्या स्लाइडवर नेमकी तीच नव्हती. फुटबॉल या पोरांवर लादलेला नव्हता. बाकी सगळं लादलेलं होतं. जवळच्या डिकिन्सन कॉलेजबरोबरच्या सामन्यात एका मुलाचा पाय मोडला आणि प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळायला बंदी घातली. मग १८९३ साली पोरं त्याच्याकडे शिष्टमंडळ घेऊन गेली. आम्हाला खेळू द्या. प्रॅटने आठवणींत लिहिलंय की त्याने दोन अटी घातल्या. कुणी कितीही डिवचलं तरी ठोसा मारायचा नाही, आणि काही वर्षांत देशातल्या सर्वोत्तम संघाला हरवून दाखवायचं. पहिली अट बघा. समोरचा ठोसे मारणारच, हे गृहीत. पण तुम्ही मारलात तर पेपरात 'रानटी' म्हणून छापून येणार.

पेपर तसंही छापतच होते. तुम्ही त्या काळच्या बातम्या वाचल्यात तर दर दुसऱ्या मथळ्यात टोळी, युद्धघोष नि शेंडी कापणं सापडेल. वुंडेड नी इथे लष्कराने लाकोटा बायामुलांना गोळ्या घातल्या ते साल १८९०. म्हणजे आपण बोलतोय त्या सीझनच्या फक्त सतरा वर्षं आधी. संघातली काही पोरं तेव्हा जन्मलेली होती.

कोच होता ग्लेन 'पॉप' वॉर्नर. आधी १८९९ ते १९०३ तो इथे होता, मग तीन वर्षं कॉर्नेलला, आणि १९०७ साली परत कार्लाइलला. वॉर्नर हुशार होता यात शंका नाही. चलाखही होता. १९०३ साली हार्वर्डविरुद्ध त्याच्या पोरांनी एका खेळाडूच्या जर्सीच्या मागे चेंडू लपवला होता. जर्सीला आतून इलॅस्टिक शिवून घेतलेलं. चार्ल्स डिलन पाठीत चेंडू घालून पळत सुटला नि हार्वर्डवाले चेंडू शोधत बसले. तो सामना तरीही हार्वर्डने १२-११ असा जिंकला, पण लाज कुणाची गेली ते सगळ्यांना कळलं. :)

तर १९०७. वॉर्नरकडे वजनदार गडी नव्हते. चपळ होते. भिंतीला भिंत लावून चालणार नव्हतं, म्हणून त्याने आणि पोरांनी मिळून एक नवीन रचना उभी केली. त्यातून पळणार, फेकणार की लाथ मारणार, ते शेवटच्या क्षणापर्यंत समोरच्याला कळायचं नाही. पुढे 'सिंगल विंग' म्हणून जी रचना अनेक वर्षं अमेरिकेत चालली तिचं मूळ इथलं. आणि पास. बाकीचे लोक तो जाडजूड चेंडू दोन्ही हातांनी टोपली फेकावी तसा फेकत होते. पीट हॉसर आणि फ्रॅंक माउंट प्लेझंट या दोघांनी तो एका हाताने, स्वतःभोवती गिरक्या घेत सरळ जाईल असा फेकायला घोटवला. आज टीव्हीवर दिसतो तोच पास.

सुरुवातीचे सामने लहान संघांशी. लेबनन व्हॅली ४०-०. व्हिलानोवा १०-०. सस्क्वेहॅना ९१-० (बिचारे). पेन स्टेट १८-५, सिरॅक्यूज १४-६, बकनेल १५-०. मग खरी परीक्षा. सलग पाच शनिवार, पाच बडे संघ, आणि सगळे सामने परक्या मैदानांवर.

२६ ऑक्टोबर, फिलाडेल्फिया. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ. वीस हजारांवर प्रेक्षक. पेनचा संघ त्या वर्षी बारा सामन्यांपैकी अकरा जिंकला. हरला तो एकच, आणि तो हा. २६-६. पेनच्या लोकांनी असं काही बघितलंच नव्हतं. ते चेंडूवाल्याला पाडायला धावायचे आणि चेंडू त्यांच्या डोक्यावरून जायचा. याच सामन्यात राखीव म्हणून एक नवखा पोरगा मैदानात उतरला. जिम थॉर्प. तेव्हा त्याला कुणी ओळखत नव्हतं. पाच वर्षांनी स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने दोन सुवर्णपदकं जिंकली, पण ती वेगळी गोष्ट आहे आणि तिच्यावर पुष्कळांनी लिहिलंय.

२ नोव्हेंबर, न्यूयॉर्क. प्रिन्स्टनकडून ०-१६. सीझनमधला एकमेव पराभव, एकही गुण नाही.

९ नोव्हेंबर, हार्वर्ड. १८९६ पासून जवळजवळ दर वर्षी कार्लाइल हार्वर्डशी खेळायचं आणि दर वर्षी हरायचं. कधी थोडक्यात, कधी पंचांच्या कृपेने, कधी सरळसोट. या वेळी २३-१५. पहिला विजय. लक्षात घ्या, एका बाजूला देशाचे भावी सिनेटर नि बॅंकर. दुसऱ्या बाजूला अशी पोरं, ज्यांना त्या वेळच्या कायद्याने सरसकट अमेरिकन नागरिकही मानलं नव्हतं. सगळ्या मूळ रहिवाशांना नागरिकत्व द्यायचा कायदा आला १९२४ साली.

१६ नोव्हेंबर, मिनेसोटा. १२-१०. तिकडे जायचं म्हणजे रेल्वेने अर्धा देश पार करायचा.

आणि २३ नोव्हेंबर, शिकागो. हा माझा आवडता. शिकागोचा कोच एमोस अलोन्झो स्टॅग, त्या काळातला सगळ्यात डोकेबाज माणूस. त्याने पक्कं ठरवलं होतं की कार्लाइलचा एंड अल्बर्ट एक्सेंडाइन याला पास झेलूच द्यायचा नाही. तो निघाला की त्याला आडवा करायचा, मैदानाबाहेर ढकलायचा. अर्धा-अधिक सामना हे चाललं. मग एका खेळीत, असं सांगतात, एक्सेंडाइनला बाहेर ढकलल्यावर तो थांबलाच नाही. तसाच मैदानाच्या बाहेरून, शिकागोच्या बेंचच्या मागून पळत गेला, पुढे जाऊन परत आत शिरला आणि हात वर केला. तिथे त्याच्या आसपास चिटपाखरूही नाही. हॉसरने लांबलचक पास टाकला. टचडाउन. बाहेर गेलेल्याने परत आत येऊ नये असं नियमात कुठेच लिहिलेलं नव्हतं! नियम नंतर केला गेला. उरलेले गुण हॉसरने लाथेने मिळवले. तेव्हा फील्ड गोलला चार गुण मिळायचे, असे त्याने तीन मारले. १८-४.

अकरापैकी दहा विजय. २६७ गुण केले, ६२ दिले.

आता माझं म्हणणं.

ही गोष्ट दोन प्रकारे सांगितली जाते आणि मला दोन्हींचा राग आहे. पहिला प्रकार ट्रेनिंगवाल्यांचा. छोटा संघ, मोठी झेप, 'अडचणींना संधी समजा'. यात पोरं अडचणीत का होती, कुणी टाकली होती, हे गाळलेलं असतं. अडचण म्हणजे जणू पाऊसपाणी. आकाशातून पडली. कार्लाइलचा संघ हलका होता याचं एक कारण असंही आहे की ती शाळा होती, आणि तिथली मुलं घरापासून तोडून आणलेली होती. ते वगळून उरलेल्या गोष्टीला प्रेरणादायी म्हणणं मला बरोबर वाटत नाही.

दुसरा प्रकार म्हणजे गोष्ट वॉर्नरची करून टाकणं. कोच जीनियस, त्याने रचना शोधली, त्याने पास शोधला, पोरं म्हणजे त्याच्या पटावरची प्यादी. हे तर आपल्या धंद्यात रोज बघतो. कोड कुणी लिहिला, रात्री दोनला बग कुणी पकडला, आणि प्रेझेंटेशनमध्ये नाव कुणाचं. रचना वॉर्नरची होती हे मान्य. पण तो चेंडू कसा धरला की गिरकी घेतो हे हॉसरच्या आणि माउंट प्लेझंटच्या बोटांनाच कळणार. बेंचच्या मागून पळायचं धाडस एक्सेंडाइनच्या पायांचं. आणि मुळात प्रॅटकडे जाऊन 'आम्हाला खेळू द्या' म्हणणारी पोरं होती, तेव्हा वॉर्नर कार्लाइलला आलेलाही नव्हता.

आता कुणी म्हणेल, अरे पण शाळेनेच त्यांना संधी दिली ना? ती शाळा नसती तर हार्वर्डशी खेळलेच नसते. हा युक्तिवाद तेव्हाही होता. संघ म्हणजे शाळेचं चालतंबोलतं जाहिरातपत्रक होतं. बघा, आम्ही किती छान माणसाळवलं. फुटबॉलचा संघ जिंकतोय म्हणजे शाळा यशस्वी, असा हिशोब. आपल्याकडे डॅशबोर्डवर एक आकडा हिरवा ठेवतात आणि बाकीचे कुणी बघत नाही, तसाच प्रकार. बाकीचे आकडे काय होते? शाळा चालली त्या एकोणचाळीस वर्षांत तिथे आलेल्या हजारो मुलांपैकी शिक्षण पूर्ण करून प्रमाणपत्र घेणारी दहा टक्केसुद्धा नव्हती. कितीतरी पळून गेली.

आणि हे कुणाला दिसत नव्हतं असंही नाही. त्याच नोव्हेंबरात, संघ शिकागोत जिंकत असताना, तिथल्याच वर्तमानपत्रात डॉ. कार्लोस मॉंटेझुमा यांनी कार्लाइलच्या फुटबॉलवर सडकून टीका केली. मॉंटेझुमा स्वतः यावापाइ जमातीचे, लहानपणी पळवून नेऊन विकले गेलेले, पुढे डॉक्टर झालेले. काही वर्षं कार्लाइल शाळेचेच डॉक्टर होते, प्रॅटचे समर्थक. त्यांचं म्हणणं असं की संघातले बरेच जण विद्यार्थी नाहीतच, फक्त खेळायला ठेवलेत, आणि खेळाच्या पैशापायी शाळा आपलं काम विसरलीय. वॉर्नरने इन्कार केला. पण १९१४ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीने शाळेची चौकशी केली तेव्हा बरंच बाहेर आलं. चौकशी सुरू कशामुळे झाली? मुलांनी अर्ज केला म्हणून. संघाचा क्वार्टरबॅक गस वेल्च याने पुढाकार घेतला, दोनशेवर मुलांनी सह्या केल्या. फुटबॉलचा पैसा वेगळ्या खात्यात जायचा आणि त्यावर धड कुणाचा ताबा नव्हता. वॉर्नर पोरांना घाणेरड्या शिव्या देतो, पासेस विकतो, अशा साक्षी खेळाडूंनीच दिल्या. सुपरिंटेंडंटला जावं लागलं. वॉर्नर पिट्सबर्गला गेला आणि तिथे आणखी मोठा झाला. आज अमेरिकेत लहान मुलांच्या फुटबॉलची जी सगळ्यात मोठी संघटना आहे तिला त्याचं नाव आहे.

१८९३ ला जसे प्रॅटकडे गेले तसेच १९१४ ला काँग्रेसकडे गेले. दोन्ही वेळा पोरांनी स्वतः, एकत्र येऊन, कागदावर सह्या करून किंवा तोंडाने मागितलं. मला या दोन प्रसंगांत जे दिसतं ते शाळेने शिकवलेलं नाही.

पण यावर उलट टोकाला जाऊन 'बिचारी पोरं, वापरली गेली' म्हणून हळहळायचं, तेही मला पटत नाही. एक्सेंडाइनने बेंचच्या मागून चक्कर मारली तेव्हा तो बिचारा वगैरे नव्हता. तो मजा करत होता. समोरच्याच्या मैदानात, समोरच्याच्या नियमांत, समोरच्याला वेडं करत होता. १९०३ ला पाठीत चेंडू घालून पळणाऱ्या डिलनच्या मागे बाकीचे दहा जण हसत असणार याबद्दल माझी खात्री आहे. शाळेने त्यांची भाषा काढून घेतली, पण या खेळातला मिश्किलपणा कुणाच्या अभ्यासक्रमात नव्हता. हा सीझन वापरला गेला हे खरं, आणि तो त्यांचा होता हेही खरं. पण क्रम लावायचाच झाला तर मी दुसरं आधी लिहीन.

पोरांचं पुढे काय झालं? माउंट प्लेझंट १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये लांब उडी आणि तिहेरी उडीत उतरला, दोन्हींत सहावा आला, आणि १९१० साली डिकिन्सन कॉलेजचा पदवीधर झाला. एक्सेंडाइनने कायद्याचं शिक्षण घेतलं, वकिली केली आणि कितीतरी वर्षं वेगवेगळ्या कॉलेजांत कोच होता. १९७० साली त्याला कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. थॉर्पची पदकं १९१३ साली काढून घेतली, कारण आधी दोन उन्हाळ्यांत थोड्या पैशांसाठी तो बेसबॉल खेळला होता. ज्या शाळेने खेळाडूंच्या जिवावर पैसा केला तिच्या कोचने आणि सुपरिंटेंडंटने तेव्हा 'आम्हाला काहीच माहीत नव्हतं' म्हणून हात झटकले. पदकांच्या प्रतिकृती घरच्यांना मिळाल्या १९८३ ला, आणि एकमेव विजेता म्हणून नाव पुन्हा लागलं २०२२ साली. हे ज्यांच्या अप्रेझलचा निकाल दोन महिने लांबला म्हणून जीव वरखाली होतो त्यांच्यासाठी. (माझ्यासकट.)

शाळा १९१८ साली बंद झाली, जागा लष्कराने परत घेतली. आज तिथे लष्कराचं वॉर कॉलेज आहे. खेळाचं मैदान अजून आहे, त्याला अजूनही इंडियन फील्ड म्हणतात. २०१७ पासून लष्कर तिथल्या थडग्यांतले मुलांचे अवशेष एकेक करून त्यांच्या जमातींकडे परत पाठवतंय. ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी या सगळ्या बोर्डिंग शाळांबद्दल जाहीर माफी मागितली आणि त्याच डिसेंबरात कार्लाइलला राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केलं. काही थडग्यांवर नुसतं 'अनोळखी' लिहिलंय. त्यांना कुठे पाठवायचं ते अजून ठरलेलं नाही.